पोटाला चिमटा

मराठी भाषेने पोटाला जितके राबवून घेतले आहे तितके दुसऱ्या कुठल्याही अवयवाला घेतलेले नाही. आपल्याकडे माणूस पोटासाठी वणवण करतो, लोकांचे अपराध पोटात घालतो, पोटतिडकीने बोलतो आणि वेळ आली की दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो. गरिबाचे पोट हातावर असते, लबाडाच्या पोटात एक आणि ओठात एक असते, आणि माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्या बँक कारकुनाचे पोट पट्ट्यावर असते. या सगळ्या खटाटोपात मला मोठी गंमत वाटते ती 'पोटाला चिमटा काढणे' या प्रयोगाची. आमच्या वडिलांनी गिरणीच्या पगारात पोटाला चिमटा काढून मला बी. कॉम. केले. आता तोच चिमटा जिममध्ये प्लास्टिकचा मिळतो. आमच्या पेठेतल्या जिमचा पोरगा त्यात माझ्या पोटाची वळी पकडतो, जाडी मिलिमीटरमध्ये वाचतो आणि वहीत मांडतो. पूर्वी पोटाला चिमटा काढला की पैसे वाचत. आता पैसे भरल्याशिवाय कोणी चिमटा काढत नाही.

हा पोरगा मला 'काका' म्हणतो आणि ग्वाही देतो, "काका, सहा महिन्यांत पोट असं सपाट करतो बघा, सोलापुरी चादर अंथरल्यासारखं!" चादरीच्या गावात राहून त्याला दुसरी उपमा सुचावी अशी अपेक्षाच नाही. भिंतीवर एका तरुणाचे चित्र आहे, त्याच्या पोटावर लादीपावासारखे सहा चौकोन. हे सहा चौकोन म्हणे माझ्याही पोटात आहेत, सगळ्यांच्याच असतात. फक्त वर चरबीची गादी असल्यामुळे दिसत नाहीत. हे ऐकून मला बरे वाटले. बँकेत ज्याला 'छुपी राखीव निधी' म्हणतात, तसलाच हा प्रकार.

पण हिशेब बघा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. तासभर भरभर चालले की माझ्या वजनाच्या माणसाचे जातात अंदाजे 250. म्हणजे रोज तासभर चाललो, तर महिन्याला एक किलो. बरे, पोटाच्या उठाबशा काढल्या म्हणून पोटाचीच चरबी जाते असेही नाही. शरीर कुठून काढायचे ते स्वतः ठरवते आणि माझ्या बाबतीत त्याने सुरुवात गालांपासून केली. ही गेलेली चरबी जाते कुठे, हा प्रश्न मला कॉमर्सचा माणूस म्हणून पडलाच. दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 2014 साली त्याचा हिशेब मांडला आहे: दहा किलो चरबी जळली की त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या 1.6 किलोचे पाणी होते. थकीत कर्जाच्या फायलींपुढे मी आजवर जेवढे सुस्कारे टाकले, त्यांत ती गेली असती तर मी आज अदृश्य असतो.

आमच्या शाखेत आहाराचे दोन पक्ष आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. मूळ कल्पना कै. श्रीकांत जिचकारांची. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा. थोडे थोडे खा, वेळेवर खा, तूप-भाताला घाबरू नका, आजीने खाल्ले ते खा. 2018 च्या सुमारास या दोन पक्षांत जेवढे वाद झाले तेवढे आमच्या युनियनच्या निवडणुकीतही झाले नाहीत. मला दोन्ही पटतात. पंचावन्न मिनिटांच्या जेवणाला तर गिऱ्हाइकांचीही हरकत नसावी, आमची जेवणाची सुट्टी तेवढीच असते असा त्यांचा जुना समज आहे. वजन दोन्ही पक्षांतल्या त्या लोकांचे उतरते, जे एकूण कमी खातात. पण हे सांगितले तर दोन्हीकडून शत्रुत्व येते, म्हणून मी गप्प असतो.

मला खरी टोचणी वेगळी आहे. सुटलेल्या पोटाकडे लोक हल्ली चारित्र्याचा दाखला म्हणून बघतात. पोट सपाट तो संयमी, सुटले तो अधाशी. बँकेत आम्ही एवढे कठोर नसतो. हप्ता थकला म्हणून सरसकट सगळ्यांना आम्ही एका रांगेत बसवत नाही. पैसे असून बुडवणारा तो हेतुपुरस्सर थकबाकीदार. पाऊसच पडला नाही म्हणून ज्याचे पीक गेले, त्याच्या कर्जाचे पुनर्गठन होते. मग पोटाच्या बाबतीत हा फरक कोण करणार?

तो फरक करायला पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक माझ्या मदतीला आले. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनचे त्यांचे स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. दोघेही बघायला सडसडीत. पण यंत्राने चरबी मोजली तर साहेबांच्या अंगात 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21.2 टक्के! याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे तपासली, तेव्हा तीही तशीच निघाली. वजन कमी, हातपाय काडीसारखे, पण इंग्रज बाळांशी ताडून पाहता चरबी मात्र राखून ठेवलेली. आईची उपासमार पोटातल्या बाळाला कळते आणि ते जन्मायच्या आधीच साठा करायला शिकते, असा त्याचा अर्थ लावतात. पुढे चांगले दिवस आले की हीच काटकसर अंगाशी येते, साखर वाढते.

हे वाचले आणि मला आई आठवली. आठवली म्हणजे काय, ती स्वयंपाकघरातच होती.

आई मंगळवेढ्याकडची. ज्वारीचे कोठार म्हणतात त्या मुलखातली. मालदांडीची भाकरी तिथली. आता तर तिला मानांकन मिळाले आहे, आणि आमचे डॉक्टरही चिठ्ठीवर 'ज्वारी' असे औषधासारखे लिहितात. पण 1972 च्या दुष्काळात त्याच कोठारात दाणा नव्हता. आई सतरा-अठरा वर्षांची होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी यायची, मिलो. "लाल भाकरी, रबरासारखी. तुटायची न्हाई, पण खाल्ली," एवढेच ती सांगते. तिच्या वाट्याच्या भाकरीतली अर्धी ती धाकट्या भावाच्या ताटात टाकायची. पोटाला चिमटा काढायची.

आता याला मी कॉमर्सचा माणूस काय करू? प्रत्येक नावे नोंदीला एक जमा नोंद लागते. आईच्या चिमट्याची जमा नोंद मामांच्या पोटात झाली. ती ठेव चक्रवाढीने वाढून आज चव्वेचाळीस इंचांची झाली आहे आणि दर दिवाळीला आमच्याकडे जेवायला येते. वडिलांच्या चिमट्याची जमा नोंद मी. आणि माझ्या चिमट्याची? मी रात्री एक भाकरी कमी खातो. ती भाकरी कुठल्या उपाशी माणसाच्या ताटात जात नाही. ती फडक्यात गुंडाळून राहते आणि आई ती सकाळी दह्यात कुस्करून खाते. टाकायची म्हणता येत नाही तिला. म्हणजे माझे पोट उतरावे म्हणून सत्तरीच्या बाईने शिळे खायचे. याला संयम म्हणावा का?

बायकोने यावर तोड काढली, एक भाकरी कमीच थापायची. पण पाटीत भाकरी मोजून आहेत हे आईच्या लक्षात आले. तेव्हापासून ती "मला भूक न्हाई" म्हणू लागली. ज्या घरात भाकऱ्या मोजतात त्या घरात कसे वागायचे, हे तिला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे.

मी तिला डाएट समजावून सांगितले. साखर काठावर आहे, डॉक्टरांनी पोट उतरवायला सांगितले आहे, आपल्याकडच्या पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत पाहिजे. साखरेचे तिला लगेच पटले. "मग खाऊ नको. पोरं ल्हान हायेत तुजी." जमा नोंद तिने एका वाक्यात दाखवून दिली, माझ्या डोक्यात ती सहा महिने आली नव्हती. मग मी जिममधल्या चित्राचे सांगितले, सहा चौकोनांचे. तिने विचारले, "ते कुणासाठी?"

याला उत्तर नव्हते. मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहणारा एक हमाल आमच्याकडे खात्यात पैसे भरायला येतो. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन दिवसभर पळतो. त्याच्या पोटावर सहाच्या सहा चौकोन असावेत, पण त्याचे चित्र कोणी लावलेले नाही. परवा काउंटरवर तो मला निरखून म्हणाला, "सायब, लई उतरलाव. दुखनं-बिखनं काय न्हाई न्हवं?" पोट असणे हे त्याच्या लेखी दुखण्यातून उठल्याचे लक्षण, आणि माझ्या लेखी दुखण्याची नांदी. दोघेही आपापल्या जागी खरे.

म्हणून मी जिमच्या पोराशी तडजोड केली आहे. नव्वदपर्यंत तू म्हणशील ते करतो. तिथपर्यंतची वजाबाकी माझ्या पोरांच्या नावावर जमा होते. नव्वदच्या खालचे चौकोन तू भिंतीवरच ठेव. तो हिरमुसला, पण फी सारखीच असल्यामुळे फार नाही.

कंबर मी आता घरीच मोजतो, आईच्या शिवणाच्या डब्यातल्या टेपने. पँटच्या नंबरावर विश्वास नाही. पँट पोटाच्या खालून जाते, त्यामुळे ती पंधरा वर्षे चौतीसच आहे. परवा टेपवर 94 आले. आई बघत होती. म्हणाली, "बायांना किती लागतं?" म्हटले, ऐंशी. तिने टेप मागून घेतली, लुगड्यावरूनच गुंडाळली आणि चष्मा नसल्यामुळे मला वाचायला लावली. अडुसष्ट.

"पास का मी?"

"पास."

"मग भाकरी मोजू नका माज्यासाठी," ती म्हणाली, आणि टेपची नीट गुंडाळी करून डब्यात ठेवली.