शंकासमाधान : परदेशी चंद्र, घरचे नेम

जर्मनीत आखेनला शिकणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. मूळची सांगलीकडची, इंजिनिअरिंगच्या मास्टर्सचं दुसरं वर्ष. पत्र चांगलं सात पानी आहे. त्यातल्या चार शंका तिच्या परवानगीनं घेतो आहे, नाव गाळून. बाकीच्या पानांत व्हिसा, भाडं आणि थंडी यांविषयीची गाऱ्हाणी आहेत. त्यांवर माझ्यापाशी तोडगा नाही.

शंका : मी आठवीपासून संकष्टी करते. इथे उन्हाळ्यात चंद्रोदय मध्यरात्रीच्या आसपास होतो आणि सकाळी आठला लॅब असते. मुंबईत दहाला चंद्र उगवतो तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आईनं तिकडे नैवेद्य दाखवला की मी इकडे उपास सोडला, तर चालेल का?

समाधान : सोय छान शोधलीस, पण शास्त्र तुझ्या बाजूनं नाही. संकष्टी तुझ्या क्षितिजावरच्या चंद्राशी बांधलेली आहे, आईच्या गच्चीवरून दिसणाऱ्या चंद्राशी नाही. आपल्याकडच्या पंचांगांतसुद्धा गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगळ्या छापतात, त्या याचसाठी.

याहून मोठी अडचण तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. तिथे कधीकधी संकष्टीचा वारच बदलतो. सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी संपते, आणि तो क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच असतो. समज, भारतीय वेळेनुसार चतुर्थी सोमवारी पहाटे दोनला लागली आणि मंगळवारी उत्तररात्री एकला संपली. मुंबईत सोमवारी रात्री दहाला चंद्र उगवतो, तेव्हा चतुर्थी आहे. म्हणून तिथे संकष्टी सोमवारी. तुझ्या घड्याळात तीच चतुर्थी रविवारी रात्री साडेदहाला लागते आणि सोमवारी साडेनऊला संपते. सोमवारचा चंद्र तुझ्याकडे बारा वाजता वर येईल, तोवर पंचमी लागलेली. रविवारी पावणेबाराला मात्र चंद्र आणि चतुर्थी दोन्ही हजर. म्हणजे तुझी संकष्टी रविवारी, आणि आईच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात सोमवारी. दोघी बरोबर. हल्ली गावाचं नाव घातलं की तिथलं पंचांग फोनवर मिळतं. ते आखेनचं लावून ठेव.

आता लॅबचं. उपास म्हणजे कडकडीत उपाशी राहणं, हे तू कुठून घेतलंस? पाणी, कंदमुळं, फळं, दूध यांनी व्रत मोडत नाही, असं शास्त्रच सांगतं. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असं म्हटलं आहे, त्यांत औषध आणि गुरूचा शब्दसुद्धा आहे. बटाट्याला तर जर्मनीत तोटा नाही. संध्याकाळी बटाट्याचा कीस आणि दूध घे, साडेअकराला गजर लाव, चंद्राला अर्घ्य दे, दोन घास खा आणि झोप. ढग असतील तर वेळ झाली की पुरे. आणि ज्या महिन्यात परीक्षा आहे त्या महिन्यात नाही जमलं, तर गणपती काही हजेरीपट घेऊन बसलेला नाही.

नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सोकडे फिरायला जायचं म्हणतेस, म्हणून जाता जाता सांगतो. तिथे मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही, आणि एखाद्या संकष्टीला चंद्र क्षितिजाच्या वर येतच नाही. जे व्रत आकाशावर बेतलेलं आहे ते आकाशानंच नाकारलं, तर मुक्कामाच्या गावची, म्हणजे तुझ्या आखेनची, वेळ धरावी. हे माझं मत आहे, निर्णयसिंधूत शोधू नकोस. तो लिहिणारे कमलाकरभट्ट काशीचे. रमजानच्या रोजांबाबत हाच पेच उत्तरेकडच्या मुसलमानांना पडतो. त्यांच्या धर्मपंडितांनी मक्केची किंवा जवळच्या एखाद्या शहराची वेळ धरायची मुभा दिली आहे.

शंका : माझी आजी, बाबांची आई, फेब्रुवारीत गेली. जाता आलं नाही. सुतक पाळायचं तर कसं, परीक्षा चालू होती. ती दिली, याची टोचणी लागून राहिली आहे.

समाधान : परदेशी असलेल्याचं सुतक हा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तो आहे. बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस, त्यानंतर कळली तर तीन रात्री, वर्ष उलटून गेल्यावर कळली तर नुसतं स्नान. बातमी पायी यायची त्या काळातली ही सवलत. तुला व्हॉट्सअॅपवर तासाभरात कळलं, तेव्हा तुला पूर्ण दहा दिवस. पण सुतकात देवपूजा आणि मंगलकार्य वर्ज्य असतं. पेपर लिहिणं या दोन्हींत बसत नाही. परीक्षा दिलीस त्यात काही चुकलं नाही. पुढच्या पितृपक्षात आजीच्या नावानं पान वाढून बाजूला काढून ठेव. टोचणी त्यानंही जाणार नाही, ती सुतकाची नव्हेच.

शंका : निघताना आईच्या पायावर हात ठेवून मांस-मच्छी खाणार नाही असं सांगितलं होतं. लॅबमध्ये दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस असतो, केकमध्ये अंडं असतंच. अंडं म्हणजे मांस नव्हे, असं मी स्वतःला समजावते. शिवाय फ्लॅटमध्ये चौघांचं एकच स्वयंपाकघर आहे. माझ्या तव्यावर एकानं बेकन भाजलं.

समाधान : तुझ्याआधी या पेचात एक विद्यार्थी सापडला होता. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्या जातीनं मुंबईत पंचायत भरवून त्यांना वाळीत टाकलं आणि निरोपाला जाईल त्याला सवा रुपया दंड ठरवला. आईनं मात्र बेचरजी स्वामी नावाच्या जैन साधूंसमोर तीन शपथा घ्यायला लावून जाऊ दिलं. त्यातली एक मांस न खाण्याची. लंडनमध्ये कुणीतरी पटवलं की अंडं मांसात मोडत नाही, आणि गांधी काही दिवस अंडी खाऊ लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की शपथ आईला दिली आहे, तेव्हा मांस या शब्दाचा आईच्या मनात जो अर्थ तोच खरा. आईच्या लेखी अंडं मांसातच होतं. अंडी सुटली, आणि अंडं घातलेले पुडिंगासारखे कितीतरी पदार्थही सुटले. (परत आल्यावर भावानं त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवलं आणि राजकोटला जातीला जेवण घातलं. गोदेत बुडी मारून समुद्र धुऊन निघतो, ही सोय आपण फार हुशारीनं केलेली होती.)

तेव्हा केकचा निकाल माझ्याकडे मागू नकोस. आईला फोन कर. तुमच्या घरी वाढदिवसाला बेकरीतला केक येत असेल आणि आई तो खात असेल, तर तुझं सगळं ओझं फुकटचं आहे. नसेल येत, तर तुला कळेल की वचन कुठवर पोचतं. ते जड वाटलं तर आईला सांगून परत घेता येतं. वचन देताना ती समोर होती, सोडतानाही समोर असावी. चोरून खाल्लेल्या केकपेक्षा ते एक संभाषण कठीण जाईल, हे मला ठाऊक आहे.

आईला ज्याची कल्पनाच नाही अशा गोष्टी मात्र तुझ्या तुलाच बघाव्या लागतील. पार्मेजान आणि ग्रुयेर ही चीज वासराच्या जठरातलं रेनेट घालूनच करतात, त्यांचा नियमच तसा आहे. पाकिटावर ‘मिक्रोबिएलेस लाब’ असं दिसलं तर ते रेनेट प्राण्याचं नव्हे. गमी बेअरच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, तिकडे बहुधा डुकराचं.

तवा घासून घे आणि पुन्हा वापर. लोखंडाला जात नसते. अगदीच मन मानत नसेल तर नवा आण, त्यावर नाव चिकटव आणि आपल्या खोलीत ठेव. पण त्या मुलाशी अबोला कशासाठी? तुझा तवा वेगळा का असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शंका : नाताळच्या रात्री मैत्रिणीबरोबर कॅथेड्रलमध्ये मिस्साला गेले. सगळे रांगेत उभे राहिले, मीही राहिले. फादरनी हातावर पातळ पांढरी चकती ठेवली, मी प्रसाद म्हणून खाल्ली. नंतर मैत्रीण म्हणाली, तू ती घ्यायला नको होतीस. मी बाटले का? आणि आता सप्टेंबरात चौघी मिळून स्पेनला सांतियागोची पदयात्रा करणार आहेत. मी जाऊ का?

समाधान : बाटलीस वगैरे काही नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा समोर आला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, झालं होतं. त्या हिशेबानं आज अर्धं पुणं ग्रामण्यात निघेल.

पण तुझी मैत्रीण बरोबर होती, आणि तिचं म्हणणं तू उलट्या बाजूनं ऐकलंस. तुझ्या धर्माला धक्का लागला का, हे तू विचारते आहेस. धक्का तिच्या धर्माला लागला. ती चकती प्रसाद नव्हे. प्रसाद आपण येईल त्याला वाटतो, आणि नाही घेतला तर राग मानतो. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार मिस्सात ती भाकर ख्रिस्ताचं शरीर होते. त्यांची मुलंसुद्धा शिकवणी घेऊन, पहिल्या कम्युनियनचा विधी झाल्यावरच ती घेतात. मनावर गंभीर पाप असलेला श्रद्धाळू कॅथलिकही पापनिवेदन केल्याशिवाय रांगेत जात नाही. वसईत किंवा गोव्यात कुणालाही विचार, हेच सांगतील. तू अजाणता घेतलीस, विषय संपला. पुढच्या वेळी बाकावर बसून राहा, कुणी वाईट मानत नाही. बऱ्याच ठिकाणी छातीवर हातांची घडी घालून पुढे गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात. तिथली पद्धत मैत्रिणीला विचारून घे.

म्हणून लांबच राहायचं, असं मात्र नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय आणि बाहुल्या वाहणाऱ्यांत हिंदू किती असतात ते पाहा. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण तर शिरगावच्या लईराईची बहीण मानली जाते, आणि तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. जिथे दार उघडं आहे तिथे आपले लोक कधीच संकोचले नाहीत. कुठलं दार कुणासाठी उघडं आहे, एवढं विचारून घ्यावं.

सांतियागोचं दार उघडं आहे. यात्रेकरूचा धर्म तिथे आड येत नाही. तुझं आखेनही क्षेत्रच आहे. तिथल्या कॅथेड्रलमधली पवित्र वस्त्रं दर सात वर्षांनी दर्शनाला काढतात, आणि सांतियागोला जाणाऱ्या जुन्या वाटांपैकी एक तुझ्या गावावरून जाते. चौघींना पंधरवड्याची सुट्टी असेल तर सारियापासून निघा. तिथून शंभर किलोमीटरच्या थोडं वर भरतं, आणि प्रमाणपत्रासाठी किमान शंभर पायी लागतात. आपली वारी आळंदीहून सुमारे अडीचशे, पण ती दिंडीत चालायची. टाळ थांबला की पाय थांबतात. तिथे जो तो आपापल्या चालीनं चालतो आणि रात्री आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, गाठी पडतात. हरिपाठ म्हणायला एकांत भरपूर मिळेल. सप्टेंबरात संकष्टीही येईल. सारियाचं पंचांग वेगळं काढ.

एक गोष्ट जाण्याआधी माहीत असू दे. सांतियागो म्हणजे संत याकोब. तो मच्छीमार होता, येशूच्या बारा शिष्यांतला. स्पेनमध्ये मात्र तो घोड्यावर बसून मूरांना, म्हणजे मुसलमानांना, कापणारा म्हणूनही पुजला गेला, आणि तशी मूर्ती सांतियागोच्या कॅथेड्रलमध्येही आहे. ती पाहून हात जोडले गेले नाहीत तर जोडू नकोस. वाटेला नमस्कार केलास म्हणजे वाटेच्या सगळ्या इतिहासाला केलास असं होत नाही.

शेवटी यात्रेकरूंच्या कचेरीत विचारतील की धार्मिक कारणासाठी चाललात, आध्यात्मिक की आणखी कशासाठी. पहिल्या दोन उत्तरांना लॅटिन प्रमाणपत्र मिळतं, तिसऱ्याला साधं स्वागतपत्र. लॅटिन कागद भिंतीवर जास्त शोभतो, म्हणून काहीबाही लिहू नकोस. मैत्रिणींबरोबर मजेत चाललीस तर तिसरं लिही. आणि यात्रेकरूच्या वहीवर रोज दोन शिक्के घ्यायचे असतात, ते विसरू नकोस. चर्चमध्ये मिळतात, चहाच्या दुकानातही मिळतात.