टेबलाच्या अलीकडची खुर्ची

दोस्तहो, या देशात माणसाची जात विचारायची गरज पडत नाही. त्याला कुठं बसवलं तेवढं पाहा. कोण खुर्चीवर, कोण बाकड्यावर, कोण स्टुलावर, कोण उंबऱ्याशी उकिडवा, आणि कोणाला 'बस' म्हणायचंच राहून गेलं, हे पाहिलं की सगळा मनू कळतो. पोथी उघडायचं काम नाही.

तिवसा तालुक्याचं गाव आहे. तालुक्याच्या गावाला कचेऱ्या असतात आणि कचेऱ्यांत फर्निचर असतं. महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याला जा, मांडणी एकच. साहेबाची खुर्ची फिरती, पाठीला उंच, पाठीवर पांढरा टॉवेल. टेबलावर काच, काचेखाली देवाचा नाही तर पुढाऱ्याचा फोटो, बाजूला घंटी. बाबूची खुर्ची वेताची, बिनटॉवेलची, हात मोडला असंल तर सुतळीनं बांधलेला. शिपायाचं स्टूल दाराबाहेर. त्या स्टुलाला पाठ नसते, कारण शिपायानं पाठ टेकावी असं कोणाच्या मनातच नाही. टेबलाच्या अलीकडं दोन खुर्च्या असतात, त्या ठेकेदाराच्या आणि पुढाऱ्याच्या. निराधारच्या पैशासाठी आलेली म्हातारी, जातीच्या दाखल्यासाठी आलेला पोरगा, सातबारा पाहिजे असलेला दोन एकरवाला, हे सारे उभे. खुर्ची रिकामी असली तरी उभे. त्यांना कोणी मनाई केलेली नसते. त्यांच्या पायांनाच ते माहीत असतं.

आता प्रश्न असा की, त्या टॉवेलवाल्या खुर्चीवर आपला माणूस बसला तर न्याय झाला काय? आपल्यातले बहुतेक जण झटकन हो म्हणतील. मी म्हणतो, थांबा. जरा मागं जाऊन पाहू.

साताऱ्याच्या शाळेत लहान भीमराव कोपऱ्यात वेगळा बसायचा, गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळेचा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून ते पोर रोज गोणपाट घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. आपल्या बापाच्या आयुष्यातलं पहिलं फर्निचर हे असं होतं. पुढं तोच भीमराव कोलंबिया विद्यापीठात शिकून आला आणि १९१७ साली बडोदा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर बसला. आता खुर्ची होती, टेबल होतं, हाताखाली शिपाई होते. ते शिपाई फायली लांबूनच टेबलावर फेकायचे. कचेरीत प्यायला पाणी मिळत नव्हतं. गावात राहायला घर मिळेना, आणि पारशाच्या ज्या मुसाफिरखान्यात ते राहिले तिथून अकराव्या दिवशी त्यांना लाठ्यांच्या धाकानं बाहेर काढलं. पगारात शिपाई खाली होता, जातीत तो वर होता, आणि हिशेब जातीचाच चालला. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. तिथंही स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावला म्हणून काही प्रोफेसरांच्या पोटात दुखलंच.

हे जुनं झालं म्हणाल, तर २०२० सालचं घ्या. तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यात तेर्कू थिट्टै नावाची ग्रामपंचायत आहे. तिथं निवडून आलेली अध्यक्ष दलित बाई. मीटिंगमध्ये बाकीचे मेंबर खुर्चीवर आणि अध्यक्षीणबाई जमिनीवर. तो फोटो देशभर फिरला, मग गुन्हे दाखल झाले. राखीव जागेनं तिला पद दिलं होतं. खुर्ची मात्र गावाच्या हातात राहिली.

म्हणजे खुर्ची मिळाली म्हणून इज्जत मिळते असं नाही. पण म्हणून खुर्चीचा नाद सोडा असं सांगणाराही आपला दोस्त नव्हे. 'पदात काय ठेवलंय, मन शुद्ध पाहिजे,' हे टॉवेलवाल्या खुर्चीत बसूनच सांगितलं जातं. खुर्ची पाहिजे. माझं भांडण खुर्चीशी नाही. एकाला बसवायचं तर दहा उभे ठेवायचे, ही जी रीत आहे तिच्याशी आहे.

आमच्यासारख्या कामगाराला ही रीत पायातून कळते. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत सुताच्या आणि कापडाच्या गिरण्या आहेत. तिवसा, मोझरी या भागातली पोरं तिकडं पाळीला जातात. रिंगफ्रेमच्या दोन रांगांमधून आठ तास चालत राहायचं, धागा तुटला की जोडायचा, पुढं सरकायचं. किती कोस चालणं होतं ते कोणी मोजत नाही. कापसाचा फुफाटा नाकात, आणि पाळी सुटता सुटता पिंढऱ्या दगडासारख्या होतात. मी जिथं काम करतो तिथं कोणी उलट्या डब्यावर टेकला तर सुपरवायझर डबाच उचलून नेतो. 'बसाले आला काय बे?' असं विचारतो. तो स्वतः उभ्यानं विचारत नाही.

हे बसणं काही चैन नव्हे दोस्तहो, कायद्यात लिहिलेलं आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीनं बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यामागोमाग आलेल्या १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कलम ४४ होतं : ज्याला उभ्यानं काम करावं लागतं त्याच्यासाठी बसायची सोय ठेवा, म्हणजे कामात उसंत मिळाली की तो टेकू शकेल. २०२० च्या नव्या कामगार संहितेतही उभ्यानं काम करणाऱ्याच्या बसण्याची तरतूद आहे. केरळात कोझिकोडच्या दुकानांत कामाला असणाऱ्या बाया दिवसभर उभ्या असायच्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायची मनाई. त्या संघटित झाल्या, लढल्या, आणि २०१८ साली केरळ सरकारला दुकान कायद्यात बसण्याचा हक्क घालावा लागला. २०२१ साली तामिळनाडूनं तसाच कायदा केला. विचार करा, माणसाला बसता यावं म्हणून विधानसभेत कायदा करावा लागतो. माणसाच्या गुडघ्याला एवढी किंमत द्यायलाही मालक आपणहून तयार नसतो.

पण सारा दोष मालकाचाच आहे काय? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. त्या खात्यात पगार जास्त. बॉबिन बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला नको, असं म्हणणारा मालक नव्हता. शेजारच्या साच्यावरचा कामगारच होता. १९२८ च्या संपात लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर बाबासाहेबांनी हाच सवाल ठेवला. आणि १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं त्यांनी सांगितलं की कामगाराचे दुश्मन दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात असं त्यांनी म्हटलं नाही. समता, स्वातंत्र्य आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती असा त्याचा अर्थ त्यांनी लावला, आणि ती कोणत्याही जातीत असू शकते असंही बजावलं.

कोणत्याही जातीत. म्हणजे आपल्यातही.

आपली पोरं शिकली, राखीव जागेवर लागली, बाबू झाली, साहेब झाली. त्यांच्या मायबापानं मजुरी करून फी भरली. त्या खुर्चीवर आपला घाम आहे. पण त्याच कचेरीत साहेब यायच्या आधी एक बाई येते. पन्नास खुर्च्या पुसते, टेबलाच्या काचा पुसते, संडास धुते. ती ठेक्यावर असते. दुपारी ती जिन्याखाली फडकं अंथरून भाकर खाते. पन्नास खुर्च्या पुसणारीला एकावन्नावी खुर्ची नाही. बहुतेक वेळा ती आपल्या वस्तीतली असते, नाही तर आपल्यापेक्षाही खाली ढकललेल्या मांगवाड्यातली, मेहतरपुऱ्यातली असते. आपला साहेब तिला नावानं हाक मारतो काय? तिच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवतो काय? का घंटी दाबतो?

१८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलचं आपलं दुःख बोलून दाखवलं. शिकून हे समाजाच्या कामी येतील असं वाटलं होतं, आणि पाहतो तर सारे आपापलं पोट भरणारे बाबू झाले, असा त्याचा मतलब. खुर्चीवर बसलेल्यानं पाठ फिरवली तर काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

यावर आमच्या वस्तीतला एक दोस्त मले म्हणाला, 'आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या उभे राह्यले. आता आपल्यातला एखादा बसला, जरासा मिजास केला, त तुह्या पोटात काऊन दुखते?' त्याचं म्हणणं हसून सोडण्यासारखं नाही. ज्याच्या बापाला चावडीपुढं जोडे हातात घेऊन उभं राहावं लागलं त्याला खुर्चीवर रेलून बसताना जो आनंद होतो, तो मला कळतो. तो आनंद हक्काचा आहे. कोणत्या सवर्णानं त्याला साधेपणाचं प्रवचन देऊ नये.

पण आनंद एक आणि मिजास एक. आनंदाला दुसऱ्याच्या उभं राहण्याची गरज नसते. मिजासीला असते. समोर कोणी ताटकळत उभं नसंल तर टॉवेलवाल्या खुर्चीत बसून मजा येत नाही, असं ज्याला वाटतं, त्याच्या अंगात जुना मालकच शिरला आहे. चेहरा तेवढा आपला. उभं राहणाऱ्या म्हातारीला या फरकानं काय मिळालं? तिचे पाय तसेच दुखतात.

मग काय, सगळ्या खुर्च्या सारख्या करायच्या? कामात वरखाली राहीलच, जबाबदारी सारखी नसते, हेही खरं. इथं मला भगवान बुद्धाच्या संघातली गोष्ट मोलाची वाटते. अनुरुद्ध, आनंद असे शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा त्यांच्यासोबत उपाली न्हावी होता. संघात जो आधी येईल तो ज्येष्ठ, त्याला नंतर आलेल्यानं वंदन करायचं, आसनही त्याच क्रमानं. राजपुत्रांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याच्यापुढं वाकावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. भगवंतांनी तसंच केलं. म्हणजे संघात आसनाला क्रम होता. पण त्या दिवशी क्रम असा लावला की ज्याला ताठा होता तो मागं बसला. पुढं हाच उपाली विनयाचा सर्वात मोठा जाणकार ठरला.

आपल्या संघटनांना ही गोष्ट लागू करून पाहा. विहारात वंदनेला आपण सारे एका सतरंजीवर बसतो, साहेबही आणि रोजंदार मजूरही. वंदना संपते, सभा सुरू होते, आणि कुठून तरी चार खुर्च्या येतात. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, देणगीदार. बाया मात्र सतरंजीवरच, मागं. ज्यांनी पहाटेपासून स्वयंपाक केला त्या तर मांडवातही नसतात. दहा मिनिटांत आपण समतेतून बाहेर आलो आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. खुर्चीवर आपल्या माणसाला बसवण्यासाठी लढायचंच. पण तो बसल्यावर त्याची परीक्षा टेबलाच्या अलीकडं घ्यायची. त्याच्यासमोर म्हातारीला बसायला जागा आहे काय? शिपायाच्या स्टुलाला पाठ आली काय? झाडणाऱ्या बाईला डबा खायला एक खुर्ची, एक टेबल मिळालं काय? हे करायला मंत्रालयाचा जीआर लागत नाही. एक बाकडं लागतं. आणि आपण गिरणीतल्यांनी, दुकानातल्यांनी आपलं बाकडं मागायचं. एकट्यानं मागितलं तर कामचोर म्हणतील. म्हणून सगळ्या पाळ्यांनी मिळून, लेखी मागायचं.

येत्या चौदा एप्रिलला आपापल्या वस्तीत एवढं तरी करा. स्टेजवरची पहिली खुर्ची सफाईच्या कामावर जाणाऱ्या बाईला द्या. सत्काराचा हार घालून लगेच खाली उतरवू नका. सभा संपेपर्यंत तिला बसू द्या, आणि तिला बोलायचं असंल तर माईक द्या. त्या दिवशी साहेब सतरंजीवर बसले तर त्यांचं काही कमी होणार नाही.

जयभीम.