कात्रीने टिपलेली वनस्पतिसृष्टी

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये भरतकाम, कागदकाम, शिंपल्यांची सजावट या हस्तकला सधन घरांतील स्त्रियांचा विरंगुळा मानल्या जात, आणि म्हणूनच रंगीत कागद कातरून फुलांची चित्रे घडवणाऱ्या मेरी डिलेनी (१७००–१७८८) यांच्या हौसेचे जेवढे कौतुक झाले तेवढी त्यांच्या अभ्यासाची कदर झाली नाही. ही उणीव भरून काढणे अगत्याचे आहे, कारण त्यांचे काम वनस्पतींच्या काटेकोर निरीक्षणावर उभे आहे.

नातलगांनी राजकीय सोयीसाठी १७१८ मध्ये त्यांचा विवाह साठीकडे झुकलेल्या एका गृहस्थाशी लावून दिला आणि पंचविशीच्या आतबाहेरच त्यांना वैधव्य आले. १७४३ मध्ये त्यांनी स्वेच्छेने पॅट्रिक डिलेनी या धर्मोपदेशकाशी विवाह केला. १७६८ मध्ये तेही निवर्तले. पुढे बुलस्ट्रोड येथे पोर्टलंडच्या डचेसकडे त्यांचा मुक्काम असे. तेथील उद्यानांत देशोदेशीच्या वनस्पती होत्या आणि सोलँडर व लाइटफूट यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा राबताही होता. १७७२ मध्ये एका लाल कागदाचा रंग जिरेनियमच्या पाकळीशी तंतोतंत जुळतो हे लक्षात येताच त्यांनी तो कातरला, आणि तेथून पुढील दहा वर्षांत, दृष्टी साथ देईनाशी होईपर्यंत, ९८५ चित्रे सिद्ध झाली.

प्रत्येक चित्राची पार्श्वभूमी काळ्या रंगाने रंगवलेल्या कागदाची असे. तिच्यावर बारीक कातरलेले रंगीत कपटे थरावर थर चिकटवून पाकळीची वळी, पानाची शीर, देठाची छाया उभी केली जाई, आणि एका फुलासाठी कधी शेकडो कपटे लागत. त्या काळी लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाची वर्गीकरणपद्धती, म्हणजे फुलातील पुंकेसर व स्त्रीकेसर यांच्या संख्येवरून वनस्पतीचा गट ठरवण्याची रीत, नव्यानेच रुळत होती. समोरच्या फुलातील केसर मोजून, तेवढेच केसाएवढे बारीक कागदी तंतू जागच्या जागी बसवणारा हात हा अभ्यासकाचा हात म्हणावा लागतो.

बहात्तराव्या वर्षी प्रतिभा अकस्मात उमलली, ही त्यांच्याविषयीची लाडकी कथा मात्र अपुरी आहे. १७४०च्या सुमारास दरबारी पोशाखासाठी त्यांनी काळ्या साटिनवर रेशमाने फुले भरली होती, आणि ती ओळखू येतील इतकी हुबेहूब होती. काळ्या भूमीवर रंग कसा उठतो, हे ज्ञान त्यांच्याजवळ तीस वर्षांपूर्वीच होते. त्या चित्रांमागे आयुष्यभराचे भरतकाम उभे आहे. ते वगळून उतारवयातील चमत्काराचे गोडवे गाणे म्हणजे त्यांच्या श्रमांवर अन्याय करणे होय.

हे काम टिकले, १८९७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि आजही अभ्यासता येते, याचे बरेचसे श्रेय त्यांच्या नोंदींना आहे. चित्रांच्या मागे वनस्पतीचे लॅटिन व रूढ नाव, तारीख, स्थळ आणि फूल कोणी दिले हे त्या लिहून ठेवत. मराठी घरांतील आज्या-पणज्यांच्या गोधड्या, भरलेले रुमाल, मण्यांची तोरणे यांवर अशी नोंद क्वचितच आढळते आणि दोन पिढ्यांत करणारीचे नाव पुसले जाते. ज्यांना ती बाई ठाऊक आहे त्यांनी, शक्यतो तिच्या हयातीतच आणि तिलाच विचारून, कापडाच्या पट्टीवर तिचे नाव, गाव आणि साल लिहावे व ती पट्टी त्या वस्तूच्या मागे टाचून ठेवावी.