अडीच गुणांचे दोन प्राध्यापक

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेल्या आर्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पहिल्या सत्राचे विषय उन्हाळ्यातच नोंदवायचे होते. कॅल्क्युलस सक्तीचा होता. तिच्या वेळापत्रकात बसतील अशा तीन तुकड्या होत्या आणि तिन्हींना वेगवेगळे प्राध्यापक. अमेरिकेत १९९९ पासून ‘रेट माय प्रोफेसर्स’ या संकेतस्थळाची सोय आहे. विद्यार्थी तिथे स्वतःचं नाव न देता प्राध्यापकांना पाचपैकी गुण देतात, विषय किती अवघड गेला ते सांगतात आणि चार ओळींचा अभिप्राय लिहितात. आर्याने तिघांचे गुण पाहिले. एका सरांना ४.८ आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी २.५.

“ठरलं तर मग. अडीचवाल्यांकडे कोण जाणार?” आर्या म्हणाली. तिच्या मैत्रिणीने तर ४.८ वाल्या सरांची तुकडी नोंदवूनही टाकली होती.

आजोबा साताऱ्याहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. सगळी नोकरी त्यांनी माध्यमिक शाळेत गणित शिकवण्यात घालवलेली. ते म्हणाले, “गुण राहू देत गं. मुलांनी लिहिलंय काय, ते वाचून दाखव.”

आर्या वाचू लागली. पहिल्या सरांबद्दल लिहिलं होतं: ‘एकदम छान माणूस’, ‘गृहपाठ तपासत नाहीत’, ‘आदल्या दिवशी सोडवून दिलेलीच गणितं परीक्षेत येतात’, ‘ए ग्रेड हमखास’. दुसऱ्या होत्या बाई. त्यांच्याबद्दल: ‘दर शुक्रवारी चाचणी’, ‘एक पायरी गाळली तरी गुण कापतात’, ‘उच्चार कळायला दोन आठवडे गेले’, ‘शंका विचारायला त्यांच्या खोलीवर गेलो नसतो तर नापास झालो असतो’. तिसऱ्या सरांबद्दल: ‘पेपर महिना महिना परत मिळत नाहीत’, ‘मेलला उत्तर देत नाहीत’, ‘प्रश्न विचारला की सगळ्यांसमोर पाणउतारा करतात’.

आजोबांनी टपालात आलेलं जाहिरातीचं पाकीट उलटं केलं आणि पेनने मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, ‘शिक्षक काय करतात’. उजवीकडे, ‘मुलांना काय वाटलं’. “आता एकेक वाक्य कुठे बसतं ते सांग.”

बाईंच्या बाबतीत दर आठवड्याची चाचणी, पायऱ्या तपासणं आणि शंकांना वेळ देणं डावीकडे गेलं. कामाचा कंटाळा आणि उच्चारांची तक्रार उजवीकडे. तिसऱ्या सरांबद्दलच्या सगळ्या तक्रारी डावीकडेच आल्या आणि त्यांतली एकही चांगली नव्हती. ४.८ वाल्या सरांची उजवी बाजू आनंदाने भरली. डावीकडे मात्र त्यांच्या शिकवण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

“दोघांनाही अडीचच गुण, पण कारणं पाहिलीस ना?” आजोबा म्हणाले.

आर्याची आई औषध कंपनीत आकडेवारीचं काम करते. तिने अभिप्रायांची संख्या पाहिली. “बाईंचे सहा वर्षांत मोजून चौदा अभिप्राय आहेत. फार खूश झालेला लिहितो, फार चिडलेला लिहितो, मधले सगळे गप्प बसतात. शिवाय त्या बाई आहेत. नॉर्थ कॅरोलायनात ऑनलाइन वर्गावर एक छोटा प्रयोग झाला होता. शिक्षक आणि शिक्षिकेने आपापली ओळख अदलाबदल करून शिकवलं. शिकवणारा पुरुष आहे असं वाटलं की मुलांनी जास्त गुण दिले.”

“आणि जास्त गुणवाल्यांकडे मुलं जास्त शिकतात का?” आर्याने विचारलं.

“त्याचाही अभ्यास झालाय. कोलोरॅडोतल्या हवाई दलाच्या अकादमीत कुणाकडे शिकायचं हे विद्यार्थी ठरवत नाहीत, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी होते. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या दहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल तपासले आणि २०१० मध्ये छापले. ज्यांच्याकडे मुलांना त्या सत्रात चांगले गुण मिळाले, त्या प्राध्यापकांना मुलांनी अभिप्रायही चांगले दिले. पण पुढच्या गणिताच्या विषयांत त्यांची मुलं सरासरीने मागे पडली. पाया पक्का करणाऱ्यांना मात्र मुलांनी कमी गुण दिले होते.”

आर्याने बाईंची तुकडी घेतली. कलेच्या इतिहासाचा एक ऐच्छिक विषयही घ्यायचा होता. तिथे तिने ४.६ वाले प्राध्यापक निवडले, कारण त्यांच्याबद्दल मुलांनी ‘चित्रासमोर उभं करून बघायला शिकवतात’ असं लिहिलं होतं.

सत्र जड गेलं. शुक्रवार आला की पोटात गोळा येई. पहिल्या तीन चाचण्यांत पायऱ्या गाळल्याबद्दल गुण गेले, तेव्हा ती वही घेऊन बाईंच्या खोलीवर जाऊ लागली. डिसेंबरात तिला बी प्लस मिळाला, मैत्रिणीला ए. जानेवारीत दोघी कॅल्क्युलसच्या दुसऱ्या भागाला एकाच वर्गात आल्या. इंटिग्रेशन सुरू झालं आणि मैत्रीण पहिल्याच आठवड्यात अडली, कारण चेन रूल तिने फक्त पाठ केला होता. मुलगी हुशार होती, मेहनतीही होती. पहिल्या सत्रात तिच्याकडून कुणी काम करून घेतलं नव्हतं, एवढंच. मार्चपर्यंत दोघी रोज संध्याकाळी वाचनालयात बसून मागचा भाग पुन्हा सोडवत होत्या.

सत्र संपल्यावर आर्याने बाईंबद्दल स्वतः अभिप्राय लिहिला: ‘दर आठवड्याला सहा-सात तास द्यावे लागतात. उत्तरापेक्षा पायऱ्यांना गुण आहेत. अडलात तर खोलीवर जा, त्या पुन्हा समजावतात. पुढे गणित लागणार असेल तर यांच्याकडेच शिका. नोकरी सांभाळून शिकत असाल तर त्या सत्रात दुसरा जड विषय घेऊ नका.’

तात्पर्य: अभिप्राय जरूर वाचावेत, पण सरासरीवर निर्णय सोपवू नये. तक्रार शिक्षकाच्या कामाबद्दल आहे की विद्यार्थ्याच्या कष्टाबद्दल, हे आधी पाहावं. शिक्षक पेपर तपासत नसेल, अपमान करत असेल, तर ती तक्रार खरी मानून दूर राहावं. शिक्षक अभ्यास करून घेतो एवढीच तक्रार असेल, तर ती शिफारस समजावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रातही पहिल्या वर्षापासून ऐच्छिक विषय निवडावे लागतात आणि कट्ट्यावर सीनियरना पहिला प्रश्न जातो, “सर मार्क देतात का?” यंदा त्याच्या जोडीला एवढंही विचारा, “सर शिकवतात कसं?”