पुन्हा विचारणे हाही तवक्कुलचाच भाग





अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्यावरचा उपायही उतरविला आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरीही पहिल्या औषधाने गुण आला नाही की आपल्यापैकी कित्येकजण थांबतात. कोणी ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणून गप्प बसतो, कोणी शेजाऱ्याच्या गोळ्या घेतो. अनेक माता तर घरच्यांना त्रास नको म्हणून दुखणे अंगावर काढतात.

हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका माणसाच्या भावाला जुलाब लागले होते. प्रेषितांनी (स.) मध पाजण्यास सांगितले. तो माणूस परत आला आणि त्रास वाढल्याचे त्याने सांगितले. असे तो पुनःपुन्हा आला, प्रेषितांनी (स.) त्याला एकदाही परतवून लावले नाही. अखेर त्याचा भाऊ बरा झाला.

या हदीसमधून मधाचे महत्त्व आपण जाणतो; पण त्या भावाचे वागणेही पाहा. त्याने उपचार मनाने बंद केला नाही की बदलला नाही. ज्यांनी उपाय सांगितला, त्यांच्याकडेच जाऊन त्याने खरी स्थिती सांगितली.

आज डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या मिळतो. शासनाची ‘ई-संजीवनी’ सेवा विनामूल्य आहे. परंतु फोनवरून डॉक्टर नाडी पाहू शकत नाहीत, पोट तपासू शकत नाहीत. म्हणून सांगितलेल्या मुदतीत आराम पडला नाही, तर पुन्हा संपर्क साधणे अधिकच आवश्यक ठरते. आधीची चिठ्ठी जवळ ठेवावी. औषध कधी सुरू केले, किती वेळा चुकले, ताप किती होता, नवे लक्षण कोणते, सोबत युनानी वा अन्य औषध चालू आहे काय, हे काहीही न लपविता सांगावे. प्रत्यक्ष तपासणीस बोलाविले तर टाळाटाळ करू नये. छातीत कळ, श्वास लागणे, शुद्ध हरपणे अशा वेळी मात्र फोनवरच्या सल्ल्याची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरातील पुरुषांनो, आई किंवा पत्नी ‘बरे आहे’ म्हणाली, तरी दोन दिवसांनी पुन्हा विचारा. संकोचाने ती बोलत नसेल तर महिला डॉक्टरांशी बोलण्याची सोय करा, तिला एकांत द्या. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि शरीराचाही आपल्यावर हक्क आहे.

दुआ करावी, सदका द्यावा आणि उपचारही पूर्ण करावा. शिफा देणारा केवळ अल्लाह आहे. त्याने खुले ठेवलेले दार पुन्हा ठोठावणे ही श्रद्धेची उणीव नव्हे.

अल्लाह सर्व रुग्णांना पूर्ण शिफा देवो आणि आपणास त्यांची काळजी घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.