पाण्याची वाट मोकळी असावी

शास्त्रपाठ : यिर्मया 2:13, 2 राजे 20:20, योहान 4:5-14



चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे आपल्या वऱ्हाडात कोणत्याही घरी जा, पहिली गोष्ट पाण्याची निघते. दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या आपल्या बंधूंना तर ही चिंता बारमाही आहे. पूर्णेच्या खोऱ्यात विहीर कष्टाने खणावी आणि घागरीत खारे पाणी यावे, हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा अनुभव. नांदगाव पेठेचे आम्ही लोक नागपूरच्या हमरस्त्यावर राहतो. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी मोठमोठ्या नळांतून दूरवर अमरावती शहरास जाते, हेही आम्ही जाणतो. तरी नळास पाणी आले नाही म्हणजे हंडा घेऊन वाट पाहणे आम्हांसही चुकत नाही. म्हणून आज पाण्याच्या वाटेविषयीच दोन शब्द लिहावे असे मनात आले.

गेल्या थंडीत येथील मंडळीतील काही जणांस बरोबर घेऊन आम्ही बडनेऱ्याहून आगगाडीने भुसावळमार्गे बऱ्हाणपुरास गेलो. हे शहर आज मध्यप्रदेशात असले तरी आपल्या मेळघाटाच्या शेजारचे आहे, आणि तेथे मराठी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. तेथील कुंडी भंडारा पाहण्याची आमची फार दिवसांची इच्छा होती. शहराबाहेर मोकळ्या रानात गेल्यावर प्रथम काहीच नवल दिसेना. केवळ विहिरींच्या तोंडांसारखी दगडी बांधकामे एकापुढे एक, सुमारे वीस वीस मीटरांच्या अंतराने, ओळीने चालली होती. अशा कुंड्या शंभराहून अधिक आहेत. एका कुंडीतून खाली उतरण्याची सोय आहे. तेथून आत गेलो तेव्हा नवल कशाचे ते समजले. जमिनीच्या पोटात एक भुयार एका कुंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे गेले आहे, आणि त्यातून थंड, स्वच्छ पाणी कोणी न ओढता, कोणत्याही यंत्रावाचून वाहत आहे.

ही योजना 1615 सालची. त्या वेळी जहांगीर बादशहा मोगल गादीवर होता, आणि बऱ्हाणपूरचा कारभार अब्दुर्रहीम खानखाना याजकडे होता. ज्याचे दोहे उत्तर हिंदुस्थानात मुलांच्या तोंडी आहेत, तोच हा रहीम. शहरात वस्ती मोठी, त्यात फौजेचा तळ, पाणी पुरेना. तेव्हा इराणातील तबकुतुल अर्ज नावाच्या भूमिशास्त्रज्ञाने आसपासची जमीन तपासली. सातपुड्यावर पडलेला पाऊस मातीत मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे जातो, हे त्याने ओळखले. ते मुरलेले पाणी वाटेत अडवावे व भुयाराने शहरात आणावे असे त्याने ठरविले. इराणात अशा भुयारी पाटाला कनात म्हणतात. कुंड्यांतून आत हवा व उजेड जातो, गाळ काढता येतो, आणि वाटेतल्या लोकांस पाणी शेंदताही येते.

हे पाहताना रोमी लोकांच्या पाटांची आठवण होते. रोम शहरास पाणी आणणारा त्यांचा पहिला पाट ख्रिस्तपूर्व 312 साली झाला, आणि तो बहुतेक जमिनीखालूनच होता. पुढे सुमारे पाचशे वर्षांत त्या शहरासाठी असे अकरा पाट बांधले गेले. आज फ्रान्स देशात असलेल्या नीम शहरासाठी त्यांनी पहिल्या शतकात सुमारे 50 किलोमीटर लांबीचा पाट नेला. आणि नवल हे की एवढ्या लांबीत त्याचा एकंदर उतार सुमारे साडेबारा मीटरच आहे. वाटेत गार्द नदी आडवी आली, तेथे त्यांनी कमानींवर कमानी अशा तीन मजल्यांचा सुमारे 49 मीटर उंचीचा पूल उभारला व त्याच्या माथ्यावरून पाणी पलीकडे नेले. तो पूल अद्याप उभा आहे. प्रेषित पौल बेड्या घालून रोमास नेला गेला, त्याच्या थोडीच वर्षे आधी, इसवी सन 52 मध्ये, क्लौद्य बादशहाच्या नावाचा मोठा पाट तेथे पुरा झाला होता. म्हणजे पौलाने रोमात जे पाणी प्यायले असेल, तेही बहुधा अशाच वाटेने आलेले होते.

पवित्र शास्त्रातही असा एक पाट आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून येणार तेव्हा हिज्कीया राजाने गीहोनाचे पाणी नगराच्या आत आणले. ते भुयार सुमारे 533 मीटर लांब असून कठीण खडकातून कोरलेले आहे. मजुरांच्या दोन टोळ्या दोन्ही टोकांकडून खणीत आल्या व मध्ये एकमेकींस मिळाल्या. 1880 साली त्या भुयाराच्या भिंतीवर एक लेख सापडला. त्यात राजाचे नाव नाही, तर दोन बाजूंच्या मजुरांनी खडकातून एकमेकांचा आवाज कसा ऐकला आणि शेवटी पाणी कसे वाहू लागले, हेच सांगितले आहे. त्याच भुयाराच्या टोकाशी शिलोहाचे तळे आहे. प्रभूने एका जन्मांधाला डोळे धुण्यास तेथेच पाठविले होते.

आता बंधुभगिनींनो, यातून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट ही की पाट पाणी उत्पन्न करीत नाही. बऱ्हाणपूरच्या भुयाराने पाण्याचा एक थेंबही निर्माण केला नाही. पाऊस देवाने पाडला, डोंगराने तो धरून ठेवला, भुयाराने केवळ वाट दिली. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांचे दुःख हेच सांगितले की त्यांनी जिवंत झरा टाकून दिला आणि पाणी न धरणारी फुटकी टाकी खोदली. आपण उपदेशक असू, वडील असू, शिक्षक असू, आपण झरा नव्हे. हे विसरलो की आपले शब्द पुष्कळ होतात आणि ऐकणारा तहानेलाच घरी जातो.

दुसरी गोष्ट उताराची. पाणी वाहावे म्हणून कारागिराने पाटास थोडाथोडा उतार सतत ठेवला. मध्ये एके ठिकाणी जरी भुई वर आली तरी पाणी मागे तुंबते व पुढची कुंडी कोरडी पडते. मंडळीतही असेच होते. एका माणसाची मान ताठ झाली की त्याच्यामागे कृपा अडून राहते आणि पुढचे घर रिकामे राहते.

तिसरी गोष्ट आम्हांस त्या भुयाराच्या भिंतींनी शिकविली. त्या पाण्यात चुना आहे, आणि चारशे वर्षांत तो भिंतींवर थराथराने बसत आला आहे. नीमच्या पाटातही असेच झाले. चुन्याच्या थरांनी त्याची वाट कालांतराने अरुंद झाली. हे कोणा शत्रूने केले नाही. रोजच्या चांगल्या पाण्यातूनच रोज थोडेसे मागे राहिले व कोणी खरवडले नाही. जुन्या मंडळ्यांनी याचा विचार करावा. आपले वडील पहिल्या उत्साहात प्रभूकडे आले. त्यानंतर रीतीभाती बसल्या, मानपान बसले, पहिली जागा कोणाची हे ठरले. यांतील एकही गोष्ट एका दिवसात आली नाही.

आता चौथी गोष्ट, आणि ती लिहिण्यास आमचा हात अडखळतो. आमच्याबरोबर बऱ्हाणपुरास एक वृद्ध भगिनी आल्या होत्या. कुंडीच्या काठाशी बसून त्यांनी विचारले, "पास्टरबाबा, हे पानी कोनासाठी आनलं होतं?" आम्ही म्हणालो, "सगळ्या शहरासाठी, आजी." त्या थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गावात मंडळीच्या आवारात बोर हाय. पन त्याले कुलूप हाय."

ते कुलूप आम्हांस ठाऊक होते. त्या गावाचे नाव आम्ही लिहीत नाही. तेथील बोअरवेल मंडळीच्या दानातून झाली. किल्ली जुन्या ख्रिस्ती घरांकडे राहिली. पुढे दुसऱ्या जातीतून तीन कुटुंबे प्रभूकडे आली. उपासनेत त्यांना जागा मिळाली, परंतु पाण्यास शेवटचा क्रम मिळाला. आमची भांडी भरल्यावर तुम्ही या, असे त्यांस सांगितले गेले. कित्येक दिवशी त्यांची पाळी येण्याआधीच वीज जाई. आम्ही त्या गावी दोन वेळा उपदेशास गेलो होतो. कुलूप पाहिले, कारण समजले, आणि चहा घेऊन, प्रार्थना करून परत आलो. एक शब्दही बोललो नाही.

ज्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांच्याच मुलांनी हे करावे काय? 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते पाणी सर्वांचे आहे हे दाखविण्यासाठी. त्याच्या कितीतरी आधी आपला प्रभू शोमरोनातील विहिरीवर बसला आणि जिच्याशी यहूदी लोक व्यवहार ठेवीत नसत, तिच्यापाशी त्याने स्वतः पाणी मागितले. तिच्या भांड्यातले पाणी पिण्यास तो तयार होता. आपण मात्र तिचे भांडे नळाखाली येऊ देत नाही.

रोमातही पाण्याची चोरी होत असे. इसवी सन 97 मध्ये फ्राँटीनस नावाचा अधिकारी तेथील पाटांवर नेमला गेला. त्याने लिहून ठेवले आहे की शेतमालक पाटास भोके पाडून पाणी वळवीत आणि राखणदारही लबाडी करीत. जे सर्वांचे, ते एकाच्या वाड्यात जाई. आणखी एक रोमी अधिकारी आठवा. पंतय पिलाताने यरुशलेमेस पाणी आणण्याचे काम काढले व त्यासाठी मंदिराच्या भांडारातील पैसा घेतला, असे योसेफस हा यहूदी इतिहासकार सांगतो. लोकांनी ओरड केली तेव्हा त्याने त्यांजवर सोट्यांचा मार करविला. त्याच पिलाताने प्रभूला वधस्तंभासाठी सोपविताना लोकांपुढे पाण्याने हात धुतले. नगरास पाणी पुरविण्यास निघालेल्या त्या माणसाचे हात त्या पाण्याने शुद्ध झाले नाहीत. आमचेही मौन तसेच होते. आम्ही वाद टाळला, आणि त्यास शांती म्हटले.

बऱ्हाणपुराहून परतल्यावर आम्ही त्या गावी गेलो. सभेत प्रथम आपली चूक सांगितली, नंतर योहानाच्या चवथ्या अध्यायावर बोललो. सभा संपल्यावर एका वडील बंधूंनी घरी जाऊन किल्ली आणली व उपासनेच्या खोलीतील खिळ्यास अडकविली, म्हणजे ज्याला पाहिजे त्याने घ्यावी. दुसरे दोन बंधू त्या दिवसापासून उपासनेस आले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो, पुन्हाही जाऊ. त्यांच्यासाठी व आमच्यासाठी आपण प्रार्थना करावी.

आता वाचकांस आमची विनंती इतकीच. येत्या रविवारी उपासनेनंतर आपापल्या आवारातील विहीर, हातपंप किंवा बोअरवेल यापाशी जाऊन उभे राहा. येथे कोण पहिला येतो, कोण शेवटी येतो, आणि कोण लाजेने येतच नाही, हे पाहा. ज्या घरी किल्ली असेल, त्या घरी रागाने जाऊ नका. तेथे बसा आणि प्रेमाने बोला. आणि किल्ली जर आपल्याच घरी असेल, तर सूर्य मावळण्यापूर्वी ती बाहेर काढा. हिज्कीयाच्या मजुरांनी दोन बाजूंनी खडक फोडीत एकमेकांचा आवाज ऐकला, तसा आपणही भिंतीपलीकडच्या बंधूचा आवाज ऐकावा.

जिवंत पाणी देणारा प्रभू आपणा सर्वांस नम्र करो, आपल्या भिंतींवरचा जुना थर खरवडून काढो, आणि त्याच्या कृपेची वाट आपल्या मंडळ्यांतून मोकळी राखो. आमेन.