पाहुणा किती दिवस पाहुणा?

फेब्रुवारी महिना आला की आपण संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण करतो. वसईत जन्मलेले गोन्सालो लहान वयात जेज्वीट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि तेथली भाषा शिकले. पुढे १५९३ साली ते मनिलाहून फ्रान्सिस्कन ब्रदर व दुभाषे म्हणून पुन्हा तेथे गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांच्या हौतात्म्याविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकले आहे. मला मात्र अलीकडे त्यांच्या भाषेचे नवल वाटते. परक्या देशात गेलेल्या माणसाने तेथली भाषा शिकावी हे आपण गृहीतच धरतो. पण ज्यांच्या गावात तो आला, त्यांच्यावरही काही जबाबदारी येते का?

आजच्या जपानपुढे हाच प्रश्न उभा आहे. २०२४ सालच्या अखेरीस तेथे सुमारे ३७ लाख ६९ हजार परदेशी नागरिक राहत होते. सगळे काही तोकियोत नाहीत. १९९० साली कायदा बदलला आणि जपानी वंशाचे ब्राझिलियन लोक हामामात्सु, ओइझुमी अशा कारखान्यांच्या गावांत कुटुंबासह आले. त्यांच्या मागोमाग व्हिएतनाम, फिलिपिन्स, इंडोनेशिया, नेपाळ येथली तरुण मुले शेतात, मासळीच्या कारखान्यांत आणि वृद्धाश्रमांत कामाला लागली. गावातली जपानी मुले मोठ्या शहरांकडे गेली होती. मागे म्हातारी माणसे राहिली होती.

ही गावे या लोकांसाठी काही करत नाहीत असे नाही. ठिकठिकाणी आंतरराष्ट्रीय मैत्री मंडळे आहेत. तेथे निवृत्त शिक्षिका, गृहिणी विनामूल्य भाषा शिकवतात. दवाखान्याचे, शाळेचे कागद भरून देतात. वर्षातून एकदा मेळावा होतो. ब्राझिलियन मांस भाजतात, फिलिपिनो मुली नाचतात, नगराध्यक्ष भाषण करतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याचे दार बंद.

मेळाव्याला मी नावे ठेवत नाही. एकत्र जेवल्याशिवाय ओळख कशी व्हावी? पण मेळाव्यात परदेशी माणूस पाहुणाच राहतो, आणि पाहुण्याबद्दलची आपली म्हण तर तिसऱ्या दिवशीच त्याची अक्कल काढते! ही माणसे तीस-तीस वर्षे तेथे आहेत. २००९ साली मंदी आली तेव्हा जपान सरकारने बेकार झालेल्या या ब्राझिलियन कामगारांना मायदेशी परतण्यासाठी प्रत्येकी ३ लाख येन आणि घरातल्या प्रत्येक माणसामागे २ लाख येन देऊ केले. अट अशी, की याच सवलतीवर इतक्यात परत यायचे नाही. पाहुण्याला निरोप देता येतो. शेजाऱ्याला कसा द्यायचा?

तेथील गल्लीत एक साधी पद्धत आहे. मोहल्ला समितीची सूचना एका फळीला लावून घरोघर फिरवतात. वाचायची, सही करायची, पुढच्या घरी द्यायची. गटार साफ करण्याचा दिवस, कचऱ्याची पाळी, भूकंपाची तालीम, सगळे त्यात असते. आता समजा, एखादी आजी ती फळी परदेशी शेजाऱ्याचे घर वगळून पुढे देते. ‘बिचाऱ्याला वाचता येणार नाही, उगाच त्रास कशाला?’ तिच्या मनात खोट नाही. तरीही त्या घराला कचऱ्याचा वार कळत नाही, आणि महिनाभराने तेच घर ‘नियम न पाळणारे’ ठरते.

कोणी म्हणेल, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला रविवारी सकाळी गटार उपसायला बोलवायचे, हा कसला सन्मान? शिवाय परदेशी नागरिकाला तेथे नगरपालिकेच्या निवडणुकीतही मत नाही. मत नाही, पण झाडू आहे! हा आक्षेप मला खोडता येत नाही. तरी मला वाटते, त्याला विचारावे. तो नाही म्हणेल, थकलो आहे म्हणेल. नाही म्हणण्याचा अधिकारही ज्याला विचारले जाते त्यालाच असतो.

विचारायचे कसे, हेही जपानी लोक एका संकटातून शिकले. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसे गेली. सूचना दिल्या जात होत्या, पण पाणी कोठे मिळेल, कोठे जायचे, हे त्या जड शब्दांतून अनेक परदेशी लोकांना कळेना. त्यानंतर काही भाषातज्ज्ञांनी सोपी जपानी तयार केली. ‘उंच भूभागावर आश्रय घ्यावा’ ऐवजी ‘उंच जागी पळा’. तिला ‘यासाशी’ जपानी म्हणतात. या शब्दाचा एक अर्थ सोपे आणि दुसरा प्रेमळ. तेव्हा गोन्सालोंनी जी वाट चालली, तिच्या दुसऱ्या टोकाकडून गावानेही चार पावले यायची असतात.

कोबेच्या ताकातोरी चर्चचा परिसर त्या भूकंपानंतरच्या आगीत जळाला. तेथे व्हिएतनामी श्रद्धावंतही होते. पुढे त्याच आवारातून त्यांच्या भाषेत रेडिओ सुरू झाला.

मात्र आपल्या चर्चलाही हे सहज जमलेले नाही. जपानमधील कॅथोलिकांत आज परदेशी भाविक जपानी भाविकांइतके, किंबहुना अधिक असल्याचे सांगतात. पुष्कळ चर्चमध्ये सकाळी जपानी मिस्सा असते आणि पोर्तुगीज, इंग्रजी किंवा व्हिएतनामी मिस्सा वेगळ्या वेळी. सकाळच्या आजी खुर्च्या नीट लावून, दिवे मालवून घरी जातात. दुपारी तीच दारे उघडून मुले आत येतात आणि दिवे लावतात.